इंग्लंडचा इतिहास वाचायचाय, पण कुठून सुरू करू? आधी राजांची यादी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीमुळे इंग्लंडला आलोय, शाळेत इंग्लंडचा इतिहास म्हणजे मॅग्ना कार्टा आणि औद्योगिक क्रांती एवढंच होतं, आता वीकेंडला किल्ले, चर्च, राजवाडे बघतो पण आठ हेन्री आणि आठ एडवर्ड यांच्यात डोकं गरगरतं, जाड पुस्तक आणलं ते अर्ध्यात सोडलं, तर माझ्यासारख्या साध्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

मी इथे बरीच वर्षं हिस्टरी वॉक घेतोय आणि गावपातळीचे जुने कागद कसे वाचायचे ते हौशी लोकांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. माझं उत्तर सरळ आहे. राजांपासून सुरू करूच नका. एखादा हिशेबाचा, टॅक्सचा किंवा जमिनीचा कागद हातात घ्या, तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि त्यात कोण आलंच नाही एवढे तीन प्रश्न विचारा. राजे आपोआप मागून येतात, कारण पैसे शेवटी त्यांनाच हवे असायचे. आणि अशा कागदांच्या बाबतीत इंग्लंड खरंच श्रीमंत आहे, राजाच्या खजिन्याचे वार्षिक हिशेब, ज्यांना पाइप रोल म्हणतात, ते 1150 च्या दशकापासून थेट 1830 च्या दशकापर्यंत जवळपास सलग मिळतात. 1066 नंतर बाहेरच्या कुणी येऊन सगळं उलथून टाकलं नाही, आणि कारभार खूप लवकर एका ठिकाणी गोळा झाला, म्हणून हे टिकलं.

एक गोष्ट आधीच क्लिअर करून घेऊ, कारण इथेच अर्धा गोंधळ होतो. इंग्लंड म्हणजे ब्रिटन नाही. वेल्स हेन्री आठव्याच्या काळात कायद्याने इंग्लंडला जोडलं गेलं, स्कॉटलंड आणि इंग्लंडचा राजा 1603 मध्ये एकच झाला पण राज्यं वेगळीच राहिली, ती एक झाली 1707 मध्ये, आणि आयर्लंड 1801 मध्ये आलं. म्हणजे 1381 च्या इंग्लिश शेतकऱ्यांच्या बंडाला ब्रिटिश बंड म्हटलं की चुकलंच.

आता 1066. हे वर्ष टाळता येत नाही. जानेवारीत एडवर्ड नावाचा राजा मूलबाळ नसताना वारला, हॅरॉल्ड गादीवर बसला, सप्टेंबरच्या 25 तारखेला त्याने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला हरवलं, आणि तीनच दिवसांनी दक्षिण किनाऱ्यावर नॉर्मंडीचा विल्यम उतरला. हॅरॉल्ड धावत खाली आला आणि 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ मारला गेला. लढाईची गोष्ट सगळेच सांगतात, पण खरा बदल लढाईनंतर वीस वर्षांत झाला. जमिनी हातातून गेल्या. आणि ते कळतं एका सर्व्हेमुळे.

1085 च्या ख्रिसमसला विल्यम ग्लॉस्टरला होता, तिथे त्याने ठरवलं की आपल्या राज्यात कुणाकडे काय आहे ते सगळं लिहून काढायचं. पुढच्या वर्षी माणसं फिरली आणि तेरा हजारांवर गावांची नोंद झाली, तेच डोम्सडे बुक. एखाद्या गावाची नोंद काढून बघा, आपल्या सातबाऱ्याची आठवण होतेच: जमीन आता कुणाकडे, एडवर्डच्या काळात कुणाकडे होती, किती नांगर चालतात, किती कुळं, किती गुलाम, गिरणी आहे का, कुरण किती, आणि किंमत तेव्हा किती, आता किती. जंगल सुद्धा कित्येक ठिकाणी किती डुकरं चरतील यावर मोजलंय. हो, गुलाम. अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुलामी होती आणि ती या पुस्तकात आकड्यांनी लिहिलेली आहे, हे ऐकून वॉकवरची बरीच माणसं थबकतात.

दोन गोष्टी त्यात मुद्दाम शोधा. एक म्हणजे आधीचा मालक आणि आताचा मालक यांची नावं. आधीची नावं इंग्लिश, नंतरची नॉर्मन, पानामागून पान हेच, वरच्या थरातल्या मोठ्या जमीनदारांत जुने इंग्लिश लोक 1086 पर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. दुसरं, यॉर्कशरची पानं. तिथे गावामागून गाव फक्त ओसाड एवढंच लिहिलंय. 1069 च्या हिवाळ्यात उत्तरेत उठाव झाला तेव्हा विल्यमने तिथली शेतं, गुरं, धान्य जाळलं, माणसं उपाशी मेली. त्या ओसाडपणाचा सगळाच हिशेब या एका मोहिमेला लावता येत नाही, कारकुनाकडे माहिती नसली तरी तो असं लिहून मोकळा होत असेल असंही काही अभ्यासक म्हणतात, पण सतरा वर्षांनीसुद्धा एवढी ओसाड पानं दिसतात हे बघून अंगावर येतं. आणि तिसरा प्रश्न, कोण आलंच नाही? लंडन आणि विंचेस्टर या पुस्तकात नाहीत. माणसं मोजली ती साधारण घरटी एक. बायका मोजक्याच. म्हणून यावरून लोकसंख्या सांगताना प्रत्येकजण अंदाजच करतो.

हे सगळं इंटरनेटवर फ्री आहे, तुमच्या राहत्या भागाचं नाव टाका, नोंद येते. मी नेहमी इथूनच सुरू करायला लावतो. आपण ज्या सुपरमार्केटला जातो तिथे कुणाचे बैल चालायचे हे कळलं की माणूस पुढचं आपणहून शोधतो.

मॅग्ना कार्टावर मी थोडक्यात बोलणार आहे, कारण ते तुम्हाला शाळेत झालंय, फक्त शाळेत झालं तसं ते नव्हतं. 15 जून 1215 ला रनिमीडला राजा जॉनने कबूल केलं, आणि ऑगस्टमध्ये पोपने रद्दही करून टाकलं. टिकलं ते नंतर पुन्हा पुन्हा जारी केलं म्हणून, मुख्य म्हणजे 1225 चं. पूर्ण मजकूर वाचा, तासभरसुद्धा लागत नाही. त्यात न्यायाची ती प्रसिद्ध कलमं आहेत, पण थेम्स नदीतले मासे पकडायचे बांध काढून टाका हेही आहे, दारू आणि धान्याची मापं सगळीकडे एकच ठेवा हेही आहे, आणि विधवेला तिच्या मनाविरुद्ध पुन्हा लग्न करायला भाग पाडू नका हेही आहे. सरदारांच्या तक्रारींची ती यादी आहे, कुळांसाठी त्यात फारसं काही नाही. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत मूळ प्रतींपैकी दोन आहेत, बाकी दोन लिंकन आणि सॉल्झबरीला.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो भाग, 1381.

1348 च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, आजच्या वेमथला, प्लेग उतरला आणि दीड-दोन वर्षांत देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जे उरले त्यांच्या हाताला एकदम किंमत आली, मजूर म्हणायला लागले जास्त पैसे द्या नाहीतर पलीकडच्या गावात जातो. सरकारने काय केलं, 1349 मध्ये हुकूम आणि 1351 मध्ये कायदा काढला की मजुरी प्लेगच्या आधीचीच राहील, जास्त मागणाऱ्याला शिक्षा. त्यात फ्रान्सशी युद्ध चालू, खजिना रिकामा, म्हणून माणशी टॅक्स बसवला. 1377 ला माणशी 4 पेन्स. 1379 ला ऐपतीप्रमाणे. आणि 1380 च्या शेवटी पार्लमेंटने तिसऱ्यांदा मंजूर केला तो सरासरी 12 पेन्स, म्हणजे एका मजुराची तीन-चार दिवसांची कमाई, आणि घरात नवरा, बायको, मोठी मुलगी असेल तर तिघांचा.

याद्या शिल्लक आहेत. 1377 च्या यादीत साधारण साडेतेरा लाख माणसं होती, 1381 ला साधारण नऊ लाख. चार वर्षांत साडेचार लाख माणसं कुठे गेली? मेली नव्हती, लपवली होती. आणि कुणाला लपवलं ते यादीतच कळतं, गावोगावी एकट्या बायका गायब आहेत, विधवा बहीण, लग्न न झालेली मुलगी, घरची मोलकरीण. गावच्या माणसांनीच याद्या केल्या होत्या, त्यांनी आपल्याच घरातल्यांची नावं गिळली. अख्ख्या देशाने मिळून केलेली ही टॅक्सचोरी आहे आणि मला त्यातली ती हिंमत फार मोठी वाटते, कारण तपासणीला माणसं येणार हे त्यांना माहीत असणारच. ती आलीच. 30 मेला एसेक्समध्ये ब्रेंटवुडला तपासणीवरून मारामारी झाली आणि भडका उडाला.

पुढची गोष्ट ओळखीची आहे, केंट आणि एसेक्सचे लोक वॉट टायलर आणि जॉन बॉल नावाच्या पाद्र्याबरोबर लंडनवर चालून आले, 13 जूनला शहरात शिरले, राजाच्या काकाचा सॅव्हॉय राजवाडा जाळला, 14 ला टॉवरमधून आर्चबिशप सडबरीला ओढून बाहेर काढून त्याचं डोकं उडवलं, आणि 15 ला स्मिथफील्डला चौदा वर्षांच्या राजा रिचर्डसमोर लंडनच्या मेयरने टायलरला जखमी केलं, मग तो मारला गेला. आर्चबिशप होता आणि राज्याचा चान्सलरही होता, टॅक्स त्याच्या नावावर बसला. त्याची कवटी सफोकमधल्या सडबरी गावच्या चर्चमध्ये अजून ठेवलेली आहे.

पण मी लोकांना लंडनपेक्षा सेंट ऑल्बन्सला नेतो, ट्रेनने फार लांब नाही. तिथला मठ म्हणजे अख्ख्या गावाचा जमीनदार. गावातल्या लोकांनी धान्य मठाच्याच गिरणीत दळायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, घरी जातं ठेवायला बंदी. बंडाच्या पन्नासेक वर्षं आधी एका मठाधिपतीने लोकांची दळायची जाती जप्त केली होती आणि त्या दगडांची आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी करून घेतली होती. विचार करा, गावातला माणूस काही कामासाठी मठात गेला की आपल्या आज्याच्या जात्यावर पाय देऊन उभा राहणार. जून 1381 मध्ये लोक त्या खोलीत शिरले, फरशी उखडली, दगड फोडले, आणि रविवारी चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे ते तुकडे घरोघरी वाटून घेतले.

हे आपल्याला कुणी सांगितलं? त्याच मठातल्या थॉमस वॉल्सिंगहॅम नावाच्या साधूने. त्याला हे लोक अजिबात आवडत नव्हते, तो त्यांना नालायकच म्हणतो, तरी हा प्रसंग त्याने लिहून ठेवला. म्हणून मी म्हणतो लिहिणारा कोण ते आधी बघा. बंडवाल्यांची जवळजवळ सगळी कथा त्यांच्या शत्रूंनी लिहिलेली आहे, आणि तरीही त्या लिखाणातून ते लोक स्वतः उभे राहतात, आपल्याला फक्त वाकडं धरून वाचावं लागतं.

आणि अजून एक. बंडवाले जिथे गेले तिथे त्यांनी कागद जाळले. मठांचे, जमीनदारांचे, कोर्टाचे. कोण कुणाचा वेठबिगार, कुणाने किती दिवस फुकट राबायचं, हे त्याच रोलवर लिहिलेलं असायचं. केंब्रिजच्या बाजारात युनिव्हर्सिटीचे कागद जाळले तेव्हा मार्जरी स्टार नावाची म्हातारी राख वाऱ्यावर उधळत ओरडत होती की या कारकुनांची विद्या चुलीत जाऊ दे, अशा अर्थाचं. आमच्यासारख्या कागदांवर जगणाऱ्यांना ते जळलेले रोल बघून हळहळ वाटते, पण ती बाई बरोबर होती असं मला मनापासून वाटतं, तो कागद तिच्या माणसांच्या गळ्यातली दोरी होता.

राजाने दिलेली सुटकेची वचनं जुलैत मागे घेतली, जॉन बॉलला सेंट ऑल्बन्सलाच फाशी दिलं. बंड हरलं. पण मजूर कमी ते कमीच होते, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत वेठबिगारी कायदा न करताच विरत गेली. म्हणून 1381 ने काय मिळवलं यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि माझ्या मते प्लेगचं श्रेय मोठं, बंडाचं श्रेय एवढंच की माणशी टॅक्सची ती पद्धत पुढे कुणाला सहज रेटता आली नाही.

गुलाबांची युद्धं, म्हणजे पंधराव्या शतकात राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी लढल्या ती, सुरुवातीला सोडून द्या, खरंच. त्यात नातेवाईक इतके आहेत की तुमचं पुस्तक तिथेच बंद पडलं असणार. हेन्री आठव्याच्या सहा बायकाही सोडा, त्या टीव्हीवर भेटतील. त्याच्या काळाचं खरं ते समजून घ्यायचं तर डेव्हनमधलं मोरबॅथ नावाचं चिमुकलं गाव घ्या, जेमतेम तीसएक घरांचं. तिथे क्रिस्टोफर ट्रायची नावाचा पाद्री 1520 ला आला आणि 1574 पर्यंत तिथेच राहिला, आणि चर्चचे हिशेब लिहीत गेला. चार राज्यकर्ते, कॅथलिक की प्रोटेस्टंट यावर चार वेळा धर्म फिरला, माणूस तोच.

सुरुवातीच्या हिशेबात संतांच्या नावाने मेंढ्या आहेत. अमक्या संताच्या दोन मेंढ्या तमक्याच्या घरी, लोकर विकून मेणबत्त्यांचा खर्च. गावातल्या पोरांचा वेगळा फंड, पोरींचा वेगळा. पाद्र्याला मृतांच्या प्रार्थनेसाठी चांगली काळी वस्त्रं हवी होती, त्यासाठी कित्येक वर्षं थोडे थोडे पैसे साठवले, ती शेवटी आली 1547 च्या सुमारास आणि त्याच वेळी एडवर्ड सहाव्याच्या सरकारने ते सगळे विधीच बंद करायला घेतले. मग हिशेब बघा कसे सुकत जातात: मेंढ्या विकल्या, मेणबत्त्या गेल्या, फंड संपले. 1549 मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन-कॉर्नवॉलला बंड झालं तेव्हा या गावाने आपली पाच तरणी पोरं हत्यारं देऊन छावणीवर पाठवली, आणि तो खर्च चर्चच्या वहीत लिहिलाय, बाकीच्या खर्चांसारखाच. बंड चिरडलं. 1553 ला मेरी राणी आली, जुना धर्म परत आला, तेव्हा लोकांनी घरात लपवून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू आणून दिल्या. मग एलिझाबेथ आली, परत सगळं काढलं. रिफॉर्मेशनवर, म्हणजे या धर्मबदलावर, हजार पानं वाचून जे कळत नाही ते या वहीतल्या मेंढ्यांवरून कळतं, असं माझं ठाम मत आहे.

हे डोक्यात असलं की मग यॉर्कशरमधले पडके मठ बघायला फाउंटन्स ॲबी किंवा व्हिटबीला जा. 1536 ते 1540 मध्ये मठ मोडले, छपराचं शिसं वितळवून विकलं, म्हणून भिंती उभ्या आणि वर आकाश. नॉरफोक-सफोकच्या गावातल्या चर्चमध्ये लाकडी पडद्यावरच्या संतांचे चेहरे खरवडलेले दिसतात, ते नीट बघा, बहुतेक वेळा फक्त चेहरा आणि डोळे खरवडलेत, कपड्यांचा सोनेरी रंग तसाच. चर्चला तिकीट नसतं, दिवसा बरीचशी उघडी असतात.

सतराव्या शतकासाठी एकच जागा सांगतो, लंडनमध्ये पुलाजवळचं पटनी चर्च. 1647 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यादवी युद्धात राजा पहिल्या चार्ल्सला हरवणाऱ्या सैन्यातले शिपाई आणि अधिकारी इथे बसून मताचा हक्क कुणाला यावर वाद घालत होते. रेन्सबरो नावाचा कर्नल म्हणाला की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरिबालाही जगायला आयुष्य आहे, जसं मोठ्यातल्या मोठ्याला आहे, तर राज्य कुणी करावं हे त्यालाही विचारलं पाहिजे. हे शॉर्टहँडमध्ये टिपून घेतलेलं होतं आणि जवळपास अडीचशे वर्षं पडून होतं, शेवटी शेवटी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते. काळाची अशी सांगड घातली की मराठी माणसाला हे शतक पटकन बसतं: 1666 च्या सप्टेंबरला लंडन जळलं, त्याच्या आदल्याच महिन्यात महाराज आग्र्याहून निसटले. आणि याच शतकात खरा धागाही जुळतो, दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्नात मुंबई मिळाली, ती त्याने 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंडांनी देऊन टाकली. कंपनीच्या वखारींचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मराठ्यांच्या इतिहासाला त्यांचा किती उपयोग झाला हे तुम्हाला माहीत असेलच.

तारखांची एक भानगड सांगून ठेवतो, पुढे अडाल. 1752 पर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणून पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं ती तारीख आपण 30 जानेवारी 1649 म्हणतो पण त्या वेळच्या कागदावर 1648 लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबर. 1752 च्या सप्टेंबरमध्ये 2 तारखेनंतर थेट 14 आली.

तर सुरुवात अशी करा. राहता तो भाग डोम्सडेत शोधा. मग ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या साइटवर त्याच गावाचा जुना सविस्तर इतिहास मिळतो का बघा, व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीचे बरेच खंड तिथे फ्री आहेत. जुने नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर, त्यात इंग्लंडचेही आहेत, आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. घराचा पत्ता जुना असेल तर जनगणना, 1841 पासून नावनिशी मिळते, शंभर वर्षं झाल्यावर उघडतात त्यामुळे 1921 पर्यंतची. 1931 ची आगीत गेली आणि 1941 ला युद्धामुळे झालीच नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी 1538 पासून ठेवायचा हुकूम होता, त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. तिथल्या बायका-माणसांना सरळ जाऊन सांगा की मी नवीन आहे, मला या गावाचं काहीतरी बघायचंय, ते आनंदाने काढून देतात. लंडनजवळ असाल तर तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हला, म्हणजे सरकारी दप्तरखान्याला, जा, रीडर्स टिकट फ्री निघतं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा न्या, पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. आणि जुनं अक्षर वाचायचा कोर्स त्यांच्याच साइटवर फ्री आहे, लॅटिनचासुद्धा, भारतात बसून करता येतो, तिकडच्या नातेवाइकांनी विचारलं तर त्यांनाही तोच सांगा.